भिंत आत घेण्याआधी

आत कुणी आहे का, हे न विचारताच कुणीतरी भिंत आत ओढली होती. हिवाळाभर घरगाड्या नुसत्या उभ्या करून ठेवायचं ते आवार; तिथं माणसांनी राहायचं नाही, असा नियम. मग आत माणूस असेलच कसा, असं त्या कुणीतरी गृहीत धरलं. घर गेलेला लाइल आत पलंगावर झोपला होता. घरगाडीची ती बाजूची खोली ड्रॉवरसारखी आत सरकते आणि पलंग ते दार ही वाट बुजते. मिनेसोटाचा हिवाळा. लाइल सापडला तो बर्फ वितळल्यावर.

आता गाडी त्याच्या बहिणीची, मार्लिसची. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटला तरी तिनं खोली बाहेरच ठेवली होती.

"वादळ येतंय," आवाराचा म्हातारा राखणदार ऑरिन म्हणाला. "बर्फाच्या ओझ्यानं छप्पर बसलं की येशील रडत माझ्याकडे."

"आत घेतली आणि तो आत असला तर?"

"तो कोण?" ऑरिननं कानटोपी खाली ओढली. "कॉफी कमी पीत जा, पोरी."

गाडी मोडली तर लाइलचं म्हणून जगात काहीच उरणार नव्हतं. मार्लिसनं बॅटरी जोडली. आत जाऊन पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली. कुणी नव्हतं. तरी तिनं भिंतीवर थाप मारली.

"लाइल? आत घेतेय रे..."

वारा तेवढा शीळ घालत होता. तिनं बटण दाबलं. मोटर घरघरली, पलंग सरकत आला, वाट बुजली. कुठूनसा ओल्या लोकरी मोज्यांचा वास आला. आणि बुजलेल्या बाजूनं...

थप. थप.

अगदी हळू. शेजाऱ्यांची झोप मोडू नये अशा बेतानं.

तिनं उलटं बटण दाबलं. मोटर हूं की चूं करेना.

"बॅटरी काढली गं!" बाहेरून ऑरिन ओरडला. "घरी ने, इथं गोठेल."

"परत जोडा! आत... आत कुणीतरी..."

"वारा आहे तो. चल, रस्ता बंद होईल!"

वादळभर बॅटरी तिच्या स्वयंपाकघरात होती. मार्लिसला बसवेना, निजवेना. चुलीवरचं सूप करपलं. वाऱ्याचा झोत आला की ती भिंतीला कान लावी, आपल्याच घराच्या.

रस्ता उघडताच ती बॅटरी घेऊन धावत आली, आणि फाटकातच थबकली.

खोली बाहेर आली होती. भोवती गुडघाभर बर्फ, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. पलीकडे ऑरिन उभा होता. कानटोपी हातात, डोकं उघडं.

"तुम्ही उघडलीत?" तिनं विचारलं.

ऑरिननं नाही म्हणून मान हलवली. मग घरगाड्यांच्या रांगेच्या टोकापर्यंत हात फिरवला.

"तुझी एकटीचीच नाही, पोरी... सगळ्यांच्या बाहेर आल्यात. बॅटऱ्या तर घरोघरी नेलेल्या. आणि हात लावून बघ... मी पाहिल्या तेवढ्या सगळ्या आतून उबदार आहेत."