एक्केचाळीस नंबरची टोपली

सकाळी साडेपाचला किनारा माझा असतो. ट्रॅक्टरवाला नुकताच वाळू विंचरून गेलेला असतो, आणि त्या भांग पाडलेल्या वाळूवर पहिली पावलं माझी उमटतात. चौऱ्याऐंशी टोपल्या. वेताच्या, दोन माणसांनी आत बसायच्या खुर्च्याच त्या, वर टप आणि पुढे लाकडी जाळी. संध्याकाळी सहाला जाळ्यांना कुलपं लावायची, सगळ्यांची तोंडं उद्याच्या उन्हाकडे करायची आणि घरी जायचं. सकाळी यायचं, वेतावरची रेती झटकायची, कुलपं काढायची. एका टोपलीचं वजन ऐंशी किलो, पण ती उचलायची नसते. कोपऱ्याला गुडघा लावायचा, तोल दुसऱ्या पायावर द्यायचा आणि नाचातली जोडीदारीण फिरवावी तशी फिरवायची. सव्वीस वर्षं मी त्यांना फिरवते आहे.

आमचा किनारा उत्तरेकडे बघतो. म्हणजे ऊन जमिनीकडून येतं, आणि उन्हासाठी आलेली माणसं समुद्राला पाठ करून बसतात. पांढऱ्या हॉटेलात समुद्र दिसणारी खोली घेतात आणि दिवसभर बघतात ते त्याच हॉटेलच्या खिडक्या. याचं आम्हाला कधी हसू येतं, पण ओळ मोडलेली चालत नाही. चौऱ्याऐंशी टोपल्या, चौऱ्याऐंशी पाठी समुद्राकडे. शेजारच्या बंदरातून होडीवाले बाहेर पडतात तेव्हा त्यांना आमच्या फक्त पाठी दिसतात.

ही गोष्ट मी आभार मानायचे म्हणून सांगते आहे. बेकरीतल्या इल्झेचे, जिने पाच दिवस न विचारता दाराशी पाव ठेवला. बचाव-नौकेवरच्या पोरींचे आणि पोरांचे. बंदरप्रमुख हेनिंग ब्रूगमानचे. आणि आणखी एकीचे.

माझा नवरा एगर्ट चौसष्ट वर्षांचा. जन्मभर फेरीबोटींची इंजिनं ऐकली, आता कान जरा जड आहेत. दर जूनमध्ये तो आठवडाभर एकटा डेन्मार्कच्या बेटांकडे जातो, बापाच्या लाकडी शिडाच्या होडीतून. होडीचं नाव ‘चंडोल’.

"एक आठवडा तुझ्यावाचून राहतो," तो दरवर्षी म्हणतो, "म्हणून तर एक्कावन्न आठवडे तुझ्याजवळ राहवतं."

"माझंही तसंच आहे," मी म्हणते.

जाताना त्याने आपल्या धक्क्यावरची पाटी लाल बाजूची हिरवी केली, म्हणजे जागा मोकळी, कुणीही पाहुणा लावो आपली होडी. खाली खडूने लिहिलं, ‘रविवारपर्यंत’.

रविवारी दुपारी वीस मिनिटांचं वादळ झालं. गारा पडल्या, हॉटेलच्या गच्चीवरच्या छत्र्या उडाल्या, आणि पुन्हा ऊन. एगर्ट संध्याकाळी आला नाही. फोन लागत नव्हता. अंधारायच्या आत हेनिंगने जाऊन पाटी स्वतःच्या हाताने लाल केली. त्याची जागा राखली. मला काही बोलला नाही, पण मी खिडकीतून पाहिलं.

सोमवारी पहाटेपासून शोध सुरू झाला आणि त्याच पहाटे धुकंही आलं. मी कामावर गेले. घरी बसले असते तर भिंतीच मोजल्या असत्या.

एक्केचाळीस नंबरची टोपली समुद्राकडे तोंड करून उभी होती.

हॉटेलात शनिवारी लग्न होतं. उरलेल्या वऱ्हाडातल्या कुणाचा तरी चावटपणा, असं मला वाटलं. गुडघा लावला, फिरवली, ओळ सरळ केली. कुलूप जागेवर होतं.

मंगळवारीही तीच टोपली, तशीच. या वेळी मी वाकून वाळू पाहिली. ऐंशी किलोचं ओझं फिरलं की वाळूत अर्धा चंद्र उमटतो. तिथे चंद्र नव्हता, पाऊल नव्हतं, ट्रॅक्टरच्या दातांच्या सरळ रेघा टोपलीला टेकून थांबल्या होत्या. मी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला.

"मी कशाला हात लावतो तुझ्या टोपल्यांना?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी एकीला नुसता धक्का लागला तर तू महिनाभर बोलली नाहीस."

मी टोपली उन्हाकडे फिरवली. काम ते काम.

त्या आठवड्यात एक्केचाळीस नंबर कासेलहून आलेल्या फ्राऊ ओस्टरलो या बाईंकडे होता. सत्तरीच्या, विधवा, ओठांना लाल रंग, तोंडाला कुलूप नाही. बुधवारी नऊला त्या बसल्या आणि त्यांनी मला बोटाने बोलावलं.

"फ्राऊ येन्सन, तक्रार नाही हं, कौतुकच आहे. तुम्ही या टोपल्या आतून गरम करता का?"

"नाही. का हो?"

"काल आणि आज, दोन्ही दिवस. डावीकडची गादी ऊबदार. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. उजवीकडची मात्र गारढोण." त्या डोळे मिचकावत म्हणाल्या, "या वयात माझ्यासाठी कुणी जागा गरम करून ठेवत असेल, तर मी नाही बाई त्याचं नाव सांगणार."

मी हसले. दिवसभर धुकं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. आणि ती टोपली त्या सकाळीही मला समुद्राकडे तोंड केलेलीच सापडली होती. मीच फिरवली होती, तिसऱ्यांदा.

बुधवारी संध्याकाळी बचाव-केंद्रातून एका बाईचा फोन आला. आवाज मऊ होता. चार दिवस, पाणी तेरा अंश, धुकं उठत नाही. शोध थांबवत नाही आहोत, म्हणाली, पण उद्यापासून होड्या कमी करतो आहोत. मी तिला धन्यवाद दिले. आमच्याकडे देतात.

गुरुवारी धुकं किनाऱ्यावर चढून आलं होतं. हॉटेल दिसत नव्हतं. बंदरातल्या दोरांची डोलकाठ्यांवरची टकटक ऐकू येत होती, डोलकाठ्या दिसत नव्हत्या. टोपल्यांच्या पाठी एकेक करून धुक्यातून पुढे येत होत्या आणि मी मोजत चालले होते. चाळीस पाठी झाल्या.

मग तोंड.

मी गुडघा लावला आणि तोल दिला.

ती हलली नाही.

पुन्हा लावला. सव्वीस वर्षांत या गुडघ्याला प्रत्येक टोपलीचं वजन पाठ झालं आहे. हे वजन टोपलीचं नव्हतं. बसलेल्या माणसाचं होतं. रुसून नव्हे, नुसतं निवांत बसलेल्या माणसाचं.

मी पुढे गेले आणि वाळूत गुडघे टेकले. जाळी बंद होती, कुलूप माझंच. फटींमधून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गादी दिसत होती, आणखी काही नाही. मी जाळीवर तळहात ठेवला. बाकी सगळं लाकूड दवाने ओलं होतं. तेवढं कोरडं होतं, आणि ऊबदार.

"कोण आहे?" मी विचारलं.



तेव्हा मला माझ्या आईचं गाणं आठवलं. जाळी विणताना ती म्हणायची, तिची आई म्हणायची, या किनाऱ्यावरच्या सगळ्या कोळणी म्हणायच्या:

जाणाऱ्या गलबताला पाठ द्यावी, बाई
येणाऱ्याच्या वाटेवरून तोंड फिरवू नाही

आणि मी तीन सकाळी तोंड फिरवलं होतं. नीटनेटकेपणापायी. ओळ सरळ दिसावी म्हणून.

मी धावत बंदरावर गेले.

हेनिंग कॉफी ओतत होता. "मोइन," त्याने नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून कप खाली ठेवला.

"होकायंत्र घे आणि चल."

"वीबके, तू चार दिवस झोपली नाहीस."

"नाही झोपले. आता चल."

हेनिंग आपल्या टोपीवरही पटकन विश्वास ठेवत नाही, ती डोक्यावर आहे का ते हात लावून बघतो. पण तो आला. टोपलीमागे उभा राहून त्याने दिशा वाचली. "अठ्ठावीस अंश. बरं, मग?"

"सोमवारी ती धक्क्याच्या टोकावरच्या दिव्याकडे बघत होती. मंगळवारी पिवळ्या तरंगत्या खुणेच्या जरा डावीकडे. बुधवारी उजवीकडे."

दिवा धुक्यात दिसत नव्हता, खूणही नाही. पण हेनिंगला त्या पाठ आहेत. त्याने खिशातली पेन्सिल काढून हातावरच आकडे लिहिले. तीनशे चाळीस. तीनशे छपन्न. बारा. अठ्ठावीस. मग त्याने फरक मोजला: रोज सोळा अंश, पूर्वेकडे.

"रविवारपासून वारा पश्चिमेचा आहे," तो म्हणाला. "हलका, पण एकसारखा."

"हो."

"डोलकाठी गमावलेली होडी रोज इतकीच सरकेल."

"हो, हेनिंग."

"हे मी केंद्राला काय म्हणून सांगू? टोपली म्हणाली?"

"काहीही सांग. होडी काढ."

त्याने होडी काढली. केंद्राला काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. अठ्ठावीस अंशांवर आम्ही अडीच तास गेलो, दर दोन मिनिटांनी भोंगा देत. मी पुढे उभी होते. हेनिंगने एकदाही म्हटलं नाही की परत फिरू या. आठ वाजून पन्नास मिनिटांनी धुक्यात एक काळी रेघ दिसली. ती जवळ आली. डोलकाठी नसलेली, अर्धी पाण्याने भरलेली ‘चंडोल’. आणि तिच्यात टेकून, ताठ, आमच्याकडे नव्हे तर आमच्यामागच्या किनाऱ्याकडे नजर लावून एगर्ट बसलेला होता. त्याचे डोळे उघडे होते.

"उशीर झाला," तो मला म्हणाला. त्याला स्वतःचा म्हणायचं होतं की माझा, कळलं नाही.

तीन मोडलेल्या बरगड्या, डोक्यावर एक लांब जखम. डोलकाठी पडली तेव्हा रेडिओची तार तिच्याबरोबर गेली, इंजिनात पाणी शिरलं. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस थंडीत माणूस आडवा झाला की उठत नाही. हे बसून राहिले, म्हणून वाचले.

शुक्रवारी एक्केचाळीस नंबर मी सोडली तशीच उभी होती. त्यानंतर ती कधी आपणहून फिरली नाही. पण तिचं तोंड मी आता समुद्राकडेच ठेवते, आणि ती कुणाला देत नाही. फ्राऊ ओस्टरलोंना मी बेचाळीस दिली, त्या कुरकुरल्या. हॉटेलच्या व्यवस्थापकांनी विचारलं, ही एक रांगेबाहेर का? मी सांगितलं, राखीव आहे. रोज सकाळी कुलूप काढताना मी धन्यवाद म्हणते. मोठ्याने म्हणते. माझं माणूस घरी आहे, टेबलाशी बसतं, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतं. एवढ्यासाठी माणसाने कुणाकुणाचे आभार मानायचे? सगळ्यांचे मानावेत.

एगर्ट त्या दिवसांबद्दल बोलत नव्हता. मीही खणलं नाही. सप्टेंबरात एका दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो, बाहेर स्वच्छ ऊन होतं, आणि तो आपणहूनच म्हणाला, "सकाळी जरा वेळ धुकं उघडायचं. तेवढ्यात किनारा दिसायचा."

"कुठला किनारा?"

"आपला. इतकी वर्षं तुझ्या टोपल्या बघतोय, ओळखणार नाही?"

"एगर्ट, तू वीस मैलांवर होतास."

त्याने खांदे उडवले. "सगळ्यांच्या पाठी. एकीचं तेवढं तोंड माझ्याकडे. तिला बघून मी उठून बसायचो. मग तू यायचीस आणि तिला फिरवायचीस."

माझी सुरी थांबली. त्याला मी टोपलीचं काहीच सांगितलं नव्हतं. हेनिंगनेही नाही, तशी शपथ घेतली होती आम्ही.

"मला माहीत नव्हतं रे," मी म्हणाले.

"ते तिला कळत होतं. रागावली नाही ती."

"कोण?"

तो माझ्याकडे नवलाने बघत राहिला. "मला वाटलं तुझ्या ओळखीची आहे. शेवटच्या दिवशी तू तिच्यापुढे गुडघे टेकलेस, तिच्या मांडीवर हात ठेवलास. मग ती जरा डावीकडे सरकली. तुला जागा करून दिली."

त्याने भांड्यातला दुसरा बटाटा घेतला.

"बरं झालं, बसली नाहीस. बसली असतीस तर उठली नसतीस."