केराबाईचा एक्क्याऐंशीवा तुकडा

नागसेन साळवे अंकुशनगरला साखर कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचा. बिघाड झाला की त्याला कारण असतंच आणि शोधलं की ते सापडतंच, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता. करणी, भूतखेत, नवस यांतलं काही त्यांच्या घरात त्याच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून शिरलेलं नव्हतं.

त्याचे वडील सर्जेराव गुरुजी आता शहात्तर वर्षांचे. नोकरीतली सुरुवातीची वर्षं त्यांनी भोकरदन तालुक्यात धावड्याच्या शाळेवर काढली. तिथं त्यांना जात्यावरच्या ओव्यांचा नाद लागला. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ते घरोघरी जायचे. "बाई, तुमचं दळण थांबवू नका, मी इथं कोपऱ्यात बसतो," म्हणायचे. एकशे बारा कॅसेटी भरल्या. गात्या बाया एकेक करत गेल्या, त्यांतली धावड्याची केराबाई तर तरुणपणीच; गुरुजींच्या कपाटात आवाज राहिले.

नागसेननं दोन वर्षांचे रविवार घालून ते सगळे आवाज कॉम्प्युटरवर उतरवले. मग एका उन्हाळ्यात ती हार्डडिस्कच बसली. दुसरी प्रत होती म्हणून निभावलं, पण त्या दिवशी गुरुजींच्या घशाखाली घास उतरला नाही. त्यांचं ते तोंड बघून नागसेननं पक्कं ठरवलं, की हे असं एका डबीत कोंडून ठेवायचंच नाही.

त्यानं इंटरनेटवरच्या विकेंद्रित साठवणीत जागा घेतली. वडिलांना समजावताना त्यानं ताटातली भाकरी मोडून दाखवली. "आबा, एका फाईलचे ऐंशी तुकडे होतात. प्रत्येकाला कुलूप. मंग ते जगभरातल्या अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतात. कोन्हाकडं काय हाये, ते त्यालाबी ठाव नसतं. त्यातले एकोणतीस जमले तरी आपली फाईल बराबर उभी राहती."

"म्हंजे केराबाईची ओवी परदेशात बी राहनार?"

"तुकड्यातुकड्यानं."

गुरुजी बराच वेळ हसत राहिले. "तिला भोकरदनच्या पुढं मोटारीनं जायची भीती वाटायची रे."

राहिलं होतं ते गावाला ऐकवणं. घरच्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर नागसेननं फायली वाटायचा मंच चालवला होता. दुवा पाठवला की कोणीही फोनवर ऐकू शकेल असा. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्यानं तो मंच साठवणीला जोडला. पत्ता टाकला, दोन किल्ल्या टाकल्या. पडद्यावर गोल फिरत राहिला, मग हिरवी खूण आली. एकशे बारा कॅसेटींची यादी पडद्यावर उमटली तेव्हा गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पहिला दुवा गेला धावड्याला, बेबीनंदाताईंना. त्या केराबाईची एकुलती लेक, अंगणवाडी सेविका. आई गेली तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. आईचा एकही फोटो नव्हता, आणि आवाज तर त्या साफ विसरून गेल्या होत्या. आता नवराही नव्हता. घरात त्या आणि दहावीतली लेक अक्षता, दोघीच.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आधी नुसतं रडणं. मग म्हणाल्या, "भाऊ, माझी आई कशी बोलायची ते मला आज कळलं बघा."

नागसेनला वाटलं, दोन वर्षांच्या रविवारांचं सार्थक झालं.

आठवड्यानं त्यांचा पुन्हा फोन आला. त्या म्हणाल्या, "शेवटची ओवी आधी नव्हती ना?"

"कोनती?"

त्यांनी हलक्या आवाजात म्हणून दाखवली:

*डाव्या मनगटाला सूज, लेक सांगंना कुनाला*
*हळद-चुना लाव बाई, नको दुखवू मनाला*

"परवा अंगनात पडले मी. डावा हात लचकला. अक्षताला बी सांगितलं न्हाई, तिचा अभ्यास बुडंल म्हनून."

नागसेननं आधी साधी कारणं तपासली. घरच्या डिस्कवरची फाईल चार मिनिटं बारा सेकंदांची होती. तीत ही ओवी नव्हती. साठवणीतली चार मिनिटं एकतीस सेकंदांची होती. तीत होती. जात्याची घरघर तीच, बांगड्यांची किणकिण तीच, मागं कोंबडं आरवतं तेही तेच. जोड कुठंच दिसत नव्हता. कोणी फाईल उघडली, कोणी बदलली याची नोंद मंच ठेवतो. त्यात ऐकणारं एकच नाव होतं, बदलणारं एकही नाही. त्यानं फाईल पुसली आणि मूळची पुन्हा चढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चार एकतीसची झालेली होती.

मग त्यानं तुकडे मोजले.

एक्क्याऐंशी होते.

प्रत्येक तुकड्यापुढं तो ज्या देशात आहे त्याचं नाव येतं. जर्मनी, फिनलंड, ब्राझील, कुठं कुठं. एक्क्याऐंशीव्यापुढची जागा रिकामी होती. नागसेननं पान बंद करून तीनदा उघडलं. खिडकीतून गाळपाचा, मळीचा गोडसर वास येत होता. बाहेर गुरुजी कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी घालत होते. सगळं रोजच्यासारखंच होतं.

त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. गुरुजींनी फाईल दोनदा ऐकली.

"आवाज तिचाच हाये," ते म्हणाले. "ह्या ओवीत मात्र दमल्यासारखी वाटती. माझ्या वक्ताला एवढी दमत नव्हती."

बेबीनंदाताईंना मात्र कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. अंगणवाडी सुटली की त्या फोन फडताळावर ठेवून आईची ओवी लावत, आणि ऐकून झालं की आईला दिवसभरातलं सांगत. कोणत्या लेकराचं वजन वाढलं, अक्षताला गणितात किती पडले, वांग्याला कीड लागली. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर ओवीत असे. कधी लटका राग, कधी चेष्टा. एकदा केराबाईनं लेकीच्या पातळ कालवणाची अशी फिरकी घेतली, की फोनवर ते सांगताना ताईंना हसू आवरेना. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना कोणी ऐकलं नसेल. नागसेनच्या अंगावर काटा येई आणि त्याच वेळी डोळेही भरून येत. त्यानं शोधाशोध थांबवली नाही, पण कमी केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फाईल पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर गेली. शेवटची ओवी त्यानं कारखान्यातच, फोन कानाला लावून ऐकली.

*वाट बघून बघून माझा शिनला गं डोळा*
*आता ये गं लेकी घरा, दोघी दळू एक येळा*

त्यानं रजा टाकली आणि तो तडक घरी आला.

"आबा, मी जोडनी तोडून राह्यलो."

गुरुजी उंबऱ्यावर टेकले. "तोडशील. पन तू तोडशील ते आपलं दार. तुकडे तुझ्या हातात हायेत का?"

नागसेननं फोन खिशात ठेवला.

"मंग आधी तिला विचार. बोलावनं तिला आलंय. तुला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं मोटारसायकलवर जालना आणि मग एसटीनं भोकरदनमार्गे धावड्याला पोचले. दुपारचे तीन वाजले होते. अंगणवाडी नुकतीच सुटली होती. बेबीनंदाताई दारातच उभ्या होत्या, नेहमीपेक्षा टवटवीत. अंगण सारवलेलं, घरातली भांडी घासून पालथी घातलेली. गुरुजींना त्यांनी वाकून जयभीम केला. अक्षता शाळेत होती.

"ताई, ती शेवटची ओवी ऐकली का तुम्ही?" नागसेननं विचारलं.

"ऐकली ना. आईच हाये, बोलावनारच."

"मंग?"

त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "भाऊ, मला जावंसं वाटतं. खोटं कशाला बोलू? चौदा वर्षांची होते मी, तेव्हा ती गेली. तेव्हापासून कोनी मला घरी ये म्हनलं न्हाई."

गुरुजी म्हणाले, "बेबी, तुझ्या लेकीला पंधरावं लागलंय."

आधण उकळत राहिलं. मग त्यांनी पदरानं हात पुसले, फडताळावरचा फोन उचलून समोर धरला, आणि समोरासमोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

"आई, आत्ता न्हाई जमनार. अक्षताची दहावी हाये. तिला आर्ध्यात सोडून कशी येऊ? मला सोडलं तेव्हा कसं झालं, तुला सांगायला पाहिजे का?"

नागसेननं स्वतःच्या फोनवर यादी उघडली. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

त्याच्या डोळ्यांदेखत आकडा बदलला.

चार मिनिटं बारा सेकंद. कॅसेटवर होती तेवढीच.

त्यानं तुकडे बघितले. ऐंशी. "गेली," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला वाईट वाटलं. गुरुजींनी बेबीनंदाताईंच्या डोक्यावर हात ठेवला. ताईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण चेहरा शांत होता.

"एकदा लावा," त्या म्हणाल्या. "जुनीच लावा."

नागसेननं फाईल लावली. तिघं खाली बसून ऐकत होती. जुन्या ओव्या, जात्याची घरघर, बांगड्या. चार मिनिटं बारा सेकंद झाले.

घरघर थांबली नाही.

मग ती हळूहळू मंदावली, जातं थांबताना मंदावते तशी. पीठ झटकल्याचा आवाज आला. केराबाई गायली नाही. साधं बोलली, अगदी जवळून.

"बरं. पोरीचे पेपर होऊ दे मंग."

फाईल संपली.

गुरुजींचा हात ताईंच्या डोक्यावर तसाच राहिला होता. ताईंनी तो अलगद बाजूला केला, उठून चहा गाळला आणि दोन कप त्यांच्यापुढं ठेवले. मग डोळे पुसत, अगदी सहज, नागसेनला म्हणाल्या,

"भाऊ, तुमच्या फोनवर दिसत असंल. शेवटचा पेपर कोनत्या तारखेला हाये, तेवढं बघून सांगता का?"