सत्तेचाळीस नंबरचं कपाट

सोमवारी सकाळी सव्वासातला हिलरी पास्कने सत्तेचाळीस नंबरचं कपाट उघडलं आणि आत बूट पाहून तिचा हात थांबला.

तपकिरी, नवी टाच लावलेले, रोज घालायचे बूट. वर खुंटीला कोट. कपाट रोसित्सा दिमोवाचं होतं. आई आजारी पडली म्हणून ती शुक्रवारी रजा घेऊन बल्गेरियाला गेली, असं कागद सांगत होता. इंग्लंडातला मार्चमधला मातृदिन सहा दिवसांवर आला होता, स्पॉल्डिंगच्या त्या फुलांच्या शेडमध्ये ट्यूलिपच्या जुड्या बांधायला हात कमी पडत होते. कपाट नव्या बाईला द्यायचं म्हणून हिलरी ते रिकामं करायला आली होती.

मार्चच्या थंडीत कोट न घेता, कामावरचे चिखलाचे गमबूट घालून कोणती बाई विमानात बसेल?

रजेच्या कागदावर सही होती इमोजेन थोरल्डची. ती पाहून हिलरीला काळजी वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी आनंद झाला.

विदरिक अँड सन्स या फुलांच्या कंपनीत हिलरीने बावीस वर्षं काढली होती. कंपनीत आणि कंपनीला माल-माणसं पुरवणाऱ्यांकडे कुणी वेठबिगार तर नाही ना, हे बघणारा अधिकारी नेमायचं ठरलं, तेव्हा ती खुर्ची आपलीच, असं ती धरून चालली होती. पण दोन वर्षांपूर्वी खुर्चीवर बसली लंडनहून आलेली एकतीस वर्षांची इमोजेन. आयत्या बिळावर नागोबा. त्यावर कडी म्हणजे, जानेवारीत इमोजेनने कामगार बायकांच्या मुलाखतींची फिल्म काढली आणि तिला बक्षीस मिळालं. हिलरीने ती फिल्म चाळीस वेळा तरी पाहिली असेल. दर वेळी पोटात दुखायचं, आणि तरी ती पुन्हा लावायची.

आता ती तडक इमोजेनच्या खोलीत गेली.

"शुक्रवारी रोसित्सा तुमच्याकडे आली होती?"

"आली होती, दुपारी. दोनदा 'पासपोर्ट' म्हणाली. पुढचं मला कळेना, म्हणून व्हायोलेटाला बोलावलं."

"मग?"

"व्हायोलेटाने सांगितलं, आई आजारी आहे, गावी जायचंय. मी लगेच रजा दिली. व्हायोलेटाच तिला फाटकापर्यंत सोडायला गेली."

"पासपोर्ट तिच्याजवळ होता?"

"होता की. जानेवारीत मी स्वतः विचारलं होतं. फिल्ममध्ये आहे बघा."

फिल्मचं नाव निघताच हिलरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढचा प्रश्न विचारायचाच राहिला.

व्हायोलेटा मार्श ही मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची दुभाषी. मूळची बल्गेरियन, पण अठरा वर्षं इंग्लंडात, नवरा इंग्रज, बोलणं-वागणं इथल्यासारखंच. दोन वर्षांपूर्वी बल्गेरियन बायका येऊ लागल्या, तशी ती आली आणि हिलरीची जेवणाची सोबतीण झाली. इमोजेनला नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वयंपाकाचा तिला भारी कंटाळा. ती रोज कँटीनच्या चिप्स खायची. आज मात्र जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये तिने डबा उघडला. आत चीजची बनित्सा होती, बल्गेरियन बायका भट्टीत भाजतात ती पापुद्र्यांची वडी, पदर सुटलेली, अजून कोमट.

"तू केलीस?" हिलरीने विचारलं.

"मग काय शेजारणीने? घे."

बनित्सात लीकची पात आणि शेपू होता. एक मार्चला रोसित्साने सगळ्यांसाठी बनित्साचं भरलं ताट आणलं होतं, त्याचीच चव. सगळ्याच बल्गेरियन बायका असं करत असतील, असं म्हणून हिलरीने दुसरा तुकडा घेतला आणि बुटांची गोष्ट सांगितली.

व्हायोलेटाने डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "मी दोन वाक्यं सांगितली आणि परत कामावर आले. शेवटचं तिला पाहिलं इमोजेनने. मी आपली सांगते हं, तुझं तू ठरव."

हिलरीने ठरवूनच टाकलं. एकीचं म्हणणं दुसरीशी जुळत नव्हतं, आणि कुणाचं खोटं निघावं हे तिचं मन केव्हाच सांगून बसलं होतं.

शेजारच्या बाकावर दोनका नावाची बल्गेरियन कामगार बाई एकटीच बसली होती. हिलरीने किटली दाखवत विचारलं, "चहा?" दोनकाने मान वरखाली हलवली. हिलरीने किटली वाकवली, तर तिने घाईने कपावर हात ठेवला आणि पुन्हा तशीच मान हलवली.

"दमलीय बिचारी," व्हायोलेटा पटकन म्हणाली आणि डबा उचलून गेली.

हिलरी आपल्या खोलीत आली. इमोजेनचा खोटेपणा पकडायला तिने एक्केचाळिसाव्यांदा फिल्म लावली. पडद्यावर इमोजेन विचारते, तुमचा पासपोर्ट तुमच्याजवळ आहे ना? व्हायोलेटा बल्गेरियनमध्ये सांगते. रोसित्सा मान वरखाली हलवते. व्हायोलेटा म्हणते, "हो म्हणतेय."

हिलरीने फिल्म थांबवली. मागे नेली. पुन्हा पाहिली. मग ती धावतच कँटीनमध्ये गेली.

"तुझं नाव दोनका?"

दोनकाने मान डावीउजवीकडे हलवली.

"या कंपनीची मालकीण तू?"

दोनका हसली आणि मान वरखाली केली.

हिलरी तशीच मागे फिरली. तिने आधी पोलिसांना फोन केला, व्हायोलेटाच्या घराचा पत्ता दिला, आणि मग इमोजेनच्या खोलीचं दार वाजवलं. जड मनानेच, पण वाजवलं.

तासाभराने व्हायोलेटाला बोलावणं गेलं. ती आली, बसली, दोघींकडे पाहून हसली.

"रोसित्सा कुठे आहे?" हिलरीने विचारलं.

"गावी. कितीदा सांगू?"

"बूट आणि कोट इथे ठेवून? तिला कपाटापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही कुणी. इमोजेन म्हणते, तू फाटकापर्यंत गेलीस. तू म्हणतेस, नाही गेलीस. आत्ताच फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तुझ्या गाडीत बसून गेली ती."

"इमोजेनचं काय ऐकतेस? तिचा स्वभाव तुला माहीत नाही का?"

"फिल्म मला पाठ आहे, व्हायोलेटा. तुमच्याकडे मान वरखाली केली की 'नाही'. रोसित्साने जानेवारीतच सांगितलं, पासपोर्ट माझ्याजवळ नाही. आम्हाला दिसला होकार, आणि तू तोच वाचून दाखवलास. शुक्रवारी ती हिंमत करून दुभाष्याशिवाय आली. आमच्या या शहाणीने तुलाच बोलावलं."

इमोजेनने मान खाली घातली.

"हा सगळा अंदाज आहे तुझा," व्हायोलेटा म्हणाली.

"आणि बनित्सा? तुला अंडं उकडायचा कंटाळा. ती रोसित्साच्या हातची होती, आज सकाळची. कोंडून ठेवलंस तिला, आणि वर स्वयंपाकालाही जुंपलंस."

व्हायोलेटाचा चेहरा उतरला. "हिलरी, दोन वर्षं आपण एका टेबलावर जेवलो."

"म्हणून तर मला काही दिसलं नाही. तू हिला नावं ठेवायचीस, आणि मला तेवढंच ऐकायचं असायचं. काखेत कळसा होता गं, मी गावाला वळसा घालत बसले."

फोन वाजला. व्हायोलेटाच्या घरी माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी होती, आत रोसित्सा होती. जिवंत होती, पायांत अजून गमबूट होते. खाली बिस्किटांच्या डब्यात एकोणीस पासपोर्ट सापडले. त्यातला एकही व्हायोलेटाचा नव्हता. ठेकेदारालाही पोलिसांनी त्याच दुपारी उचललं.

संध्याकाळी पोलीस चौकीत हिलरीने रोसित्साच्या पुढ्यात तिचे बूट ठेवले. तिने गमबूट काढून ते घातले. नवा दुभाषी लिंकनहून यायचा होता. तरुण शिपायाने जुन्या फोटोचा एक पासपोर्ट उघडून तिच्यासमोर धरला.

"हा तुमचाच ना?"

रोसित्साने मान डावीउजवीकडे हलवली. शिपायाने पासपोर्ट मिटला आणि परत डब्यात टाकायला निघाला. इमोजेनही दुसरा शोधायला डब्याकडे वळली.

"द्या तिला तो," हिलरी म्हणाली. "ती हो म्हणतेय."

इमोजेनने वळून हिलरीकडे पाहिलं. ती जळकी नजर हिलरीच्या चांगल्याच ओळखीची होती. दोन वर्षं तिने ती रोज आरशात पाहिली होती. एरवी तिला केवढं सुख झालं असतं. आज लाज वाटली.

रोसित्साने पासपोर्ट घेतला, आतलं आपलं नाव बोटाने चाचपलं, आणि कुणी काही विचारलं नव्हतं तरी पुन्हा एकदा मान डावीउजवीकडे हलवली.