मम्मी चर्चला गेली आहे

कुणी हसलं तरी चालेल, पण हे खरं घडलंय. मी सॅन्टन. वालीवला लेथ मशीनवर काम करतो. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

फेब्रुवारी २००६. रविवार, सकाळचे साडेनऊ. वसई पूर्वेला माझ्या थोरल्या बहिणीचा, रिटाचा फ्लॅट.

मी आणि रिटा चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपवून आलो. कुलूप काढलं, तोच फोन वाजला.

"फ्लॉसीची आई का? मुलीच्या शिक्षणासाठी विमा योजना आहे..."

रिटाच्या हातातून रिसीव्हर सुटला.

फ्लॉसी तिची एकुलती एक मुलगी. २००१ मध्ये जन्मली आणि आठव्या दिवशी गेली. हॉस्पिटलातच घाईघाईने बाप्तिस्मा दिला होता.

त्याच आठवड्यात पेपरात आलं होतं. सरकारी लसीकरणाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून कुणीतरी मुलांची नावं, जन्मतारखा, फोन नंबर पळवले होते. त्या यादीत फ्लॉसीही होती. गेल्याची नोंदच नव्हती. यादीत ती पाच वर्षांची झाली होती.

मी फोनवर खेकसलो. "लाज वाटत नाही? ती मुलगी कधीच गेली!"

तो माणूस गोंधळला.

"काय बोलताय साहेब? अर्ध्या तासापूर्वी तिनेच तर उचलला... म्हणाली, मम्मी चर्चला गेली आहे."

घराला कुलूप होतं. चावी माझ्या खिशात होती.

मग असे फोन येतच राहिले. रिटा प्रत्येकाला विचारायची, "आधी माझ्या मुलीने उचलला होता का हो? काय म्हणाली?"

बरेच जण फोन ठेवून द्यायचे. दोघातिघांनी मात्र सांगितलं, हो, उचलला होता.

रिटा मुद्दाम कुलूप लावून दाराबाहेर बसू लागली. आत रिंग वाजायची...

एकदा. दोनदा.

आणि मध्येच थांबायची.

तिने दाराला कान लावून पाहिलं. आवाज कधीच आला नाही. तिचं जेवण सुटलं. नवरा जहाजावर, बघणारा मीच. तिच्या भल्यासाठी मी नंबर बदलून घेतला.

रिटा ढसाढसा रडली. "सॅन्टन, माझ्या पोरीला तू घराबाहेर काढलंस रे!"

ऑगस्टमध्ये सवयीने माझ्याकडून जुनाच नंबर लागला. गोखिवऱ्याच्या विनया नावाच्या बाईंनी उचलला. नंबर आता त्यांना मिळाला होता. मी माफी मागून ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"एक विचारू का? आमच्याकडे लहान मूल नाही. पण आम्ही बाहेर असलो की फोन एक मुलगी उचलते म्हणतात... सगळ्यांना एकच विचारते."

"काय?"

"मम्मी चर्चवरून आली का?"

मी रिटाला हे सांगितलेलं नाही. ती अजूनही रविवारी मिस्सा संपायच्या आत उठते आणि धावत घरी जाते.

तो नंबर मला पाठ आहे. पण लावायची हिंमत होत नाही.

तिनेच उचलला, तर मी तिचा मामा, तिला काय सांगू?