घंटेला पैसे पडत नाहीत

"कापलीस? तूच कापलीस ना?"

"हो, मीच कापली. मामांच्याच पक्कडीनं कापली. आता करा काय करायचं ते."

"तुझ्या बापानं आनून दिली व्हती का ती फोनची वायर?"

"बापाला मध्ये आणू नका, आत्या. खाली सुधीर टेम्पो घेऊन उभा आहे. चावी द्या, दार उघडा, मला जाऊ द्या."

मुक्ताबाईंनी कमरेची चंची मुठीत घट्ट धरली. दाराच्या कुलपाची चावी त्या चंचीत होती, आणि ती चंची काढून घेण्याची ताकद गोजराच्या अंगात असली तरी हातात नव्हती. सासूच्या कमरेला हात घालायचा म्हणजे काय!

"साडेतीन वाजू दे. मंग उघडते."

"साडेतीनच नकोत मला! म्हणून तर कापली!"

शुक्रवार होता, दुपारचे सव्वातीन झाले होते. भुतंखेतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या काळातल्या नेरूळची वैशाखातली दुपार बघितलेली नाही. बिल्डिंगी नव्याकोऱ्या, रस्ते रुंद, आणि माणूस औषधालासुद्धा दिसायचा नाही. ओहोटी लागली की खाडीचा कुजका वास थेट घरात यायचा. त्या वासात आणि उन्हात अख्खा मजला असा गप्प पडायचा, की शेजारच्या घरातला माठ पाझरलेला ऐकू यावा.

त्या बिल्डिंगीत फोन एकाच घरात होता. मुक्ताबाईंचे मालक शिवराम, म्हणजे गोजराचे मामा, टेलिफोनच्या खात्यात लाइनमन. सारा जन्म दुसऱ्यांच्या दारात तारा ओढल्या, तेव्हा कुठे नोकरीच्या शेवटाला स्वतःच्या दारात फोन आला. भिंतीवरची वायर त्यांनी आपल्या हातानं ठोकली, वीतवीत अंतरावर एकेक खिळा, जरा वाकडी नाही. आणि वर्षाच्या आत गेले.

मुलगा एकच, नंदकुमार. हाताचा पक्का वेल्डर. लग्नाला सात महिने झाले आणि तो सौदीला गेला. समोरच्या घरातला अब्दुर्रहमान त्याच कंपनीत होता, त्यानंच ती युक्ती शिकवली. "घंटेला पैसे पडत नाहीत, नंदू. आवाजाला पडतात." झालं, ठरलं. शुक्रवार तिकडे सुट्टीचा. आपल्याकडच्या साडेतीनला एक घंटा वाजून बंद झाली, म्हणजे मी बरा आहे. दोन वाजल्या, म्हणजे पत्र टाकलंय. तिसरी वाजली तरच उचला.

गोजराचा संसार म्हणाल तर एवढाच. शुक्रवारी डोक्यावरून न्हायचं, साडी बदलायची, सासूशेजारी त्या काळ्या डब्यासमोर बसायचं आणि एक घंटा ऐकायची. घंटा वाजली की दोघी फोनकडे बघून हसायच्या. मुक्ताबाई म्हणायच्या, "जेवला आसंल." दोन वर्षांत नवऱ्याचा आवाज ती विसरत चालली होती, पण घंटा ओळखू यायची. त्याची घंटा बिचकत वाजते, असं तिला वाटायचं. सासूपुढे तोही तसाच बोलायचा.

आणि मग गेल्या आषाढातला तो शुक्रवार.

पहिली वाजली. दुसरी वाजली. पत्र येतंय म्हणून गोजरा हसली, तेवढ्यात तिसरी वाजली. तिनं झेप घेऊन रिसीव्हरला हात लावला, तर मुक्ताबाईंनी तिचं मनगट धरलं. असं धरलं, की चार बोटं उमटली.

"येडी का काय? बिल चढंल लेकराला! चुकून वाजली आसंल. काय आसंल ते पत्रात लिहील."

फोन बंद झाला. काटकसर कुणाला कळावी तर ती आमच्या बायकांना! रक्ताचं पाणी करून पोरगा कमावतो, त्यातला पैसा बोलण्यावर घालवू नये, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं.

चार दिवसांनी तार आली. महिन्याभरानं पत्र्याची सील केलेली पेटी आली, वर चिठ्ठी, उघडू नये. तशीच पुरली. मुक्ताबाईंनी पोराचं तोंड बघितलं नाही ते नाहीच.

पेटीबरोबर अब्दुर्रहमान आला होता. उंबऱ्यावरच बसला, चहाला हात लावला नाही.

"सुट्टीला डबल पगार मिळतो म्हणून टाकीत उतरला, भाबी. आतनं वेल्डिंग करायचं होतं. बारा वाजता वरचं झाकण कुणीतरी लावलं. आत माणूस हाय हे कुणाला ठावंच नव्हतं. रात्री उघडलं."

गोजरा दहावी पास होती. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, हे तिला पाठ होतं. आपल्या साडेतीनला तिकडे एक वाजतो. म्हणजे झाकण लागून तास झाला होता.

"भावजी… टाकीत फोन होता का?"

अब्दुर्रहमान उंबऱ्यावरून उठला.

"टाकीत हवा नव्हती, भाबी."

त्यानंतरच्या शुक्रवारी फोन वाजला. तीन घंटा. आणि बंद.

मग दर शुक्रवारी. साडेतीनला. तीन. एक नाही, दोन नाहीत. मुक्ताबाई जेवणं झाली की दाराला आतून कुलूप घालायच्या आणि फोनसमोर मांडी घालून बसायच्या. उचलायच्या नाहीत, आणि गोजरालाही उचलू द्यायच्या नाहीत. "बिल चढंल त्याला," म्हणायच्या. मेलेल्या माणसाला बिल! गोजरा खिडकीच्या गजाला धरून उभी राहायची. घरात जळक्या लोखंडाचा वास भरायचा, खाडीच्या वासापेक्षा दाट, जिभेवर चव येईल असा. एकदा तिसऱ्या घंटेनंतर तिनं रिसीव्हरला नुसतं बोट लावलं. तो तापलेला होता. तव्यासारखा.

दहा महिने. सुधीर तिचा भाऊ, रबाळ्याला औषधांच्या कारखान्यात. त्यानंच तिला पॅकिंगमध्ये चिकटवलं आणि ऐरोलीला खोली बघितली. गेल्या शुक्रवारी गोजरा पहिल्यांदाच साडेतीनला घराबाहेर होती. खोली बघून संध्याकाळी परतली, तर मुक्ताबाई वेणीफणी करून बसलेल्या. नंदकुमारला आवडायची तशी शेवयांची खीर केलेली. तोंडावर असा उजेड, की गोजराला धसकाच बसला. आणि उजवा कान लालभडक, चटका बसल्यासारखा.

"कानाला काय झालं, आत्या?"

"वाफ लागली गं. खीर खा."

तेव्हा तिनं पुढे विचारलं नाही. जायचं ठरलं होतं, कशाला उगाच खोदत बसा!

"तुम्ही पण चला," ती आता म्हणत होती. आवाज उतरला होता. "मी काय तुम्हाला टाकून चालले नाही, आत्या. दोघी राहू. इथं राहिलो तर दोघींना वेड लागेल."

"फोन हाय का तिथं?"

"नाही! कितीदा सांगू? फोन नाही, म्हणून तर ती खोली घेतली!"

मुक्ताबाई कापलेल्या वायरीकडे गेल्या. भिंतीशी उकिडव्या बसल्या. वायरीचं एक टोक दातात धरून त्यांनी वरचं रबर सोललं, थुंकलं, मग दुसरं टोक सोललं. शिवराम शिकवून गेले होते. खालून हॉर्न वाजला.

"ताई! अगं ये ना! टेम्पोवाला डोकं खातोय!"

"आले!" गजातून गोजरा ओरडली, आणि मागे वळली.

साडेतीन झाले होते.

मुक्ताबाईंच्या डाव्या हातात वायरीचं एक टोक होतं, उजव्या हातात दुसरं. दोन्ही हातांत चांगलं हातभर अंतर. मधे नुसतं ऊन.

फोन वाजला.

गोजरा भिंतीला टेकली. पहिली घंटा संपली… त्या हातातली टोकं हलली नाहीत. दुसरी… जळक्या लोखंडाचा वास आला. तिसरी घंटा लांबली, नेहमीपेक्षा लांबली, जणू पलीकडचा माणूस कान लावून ऐकत होता, की घरात कोण कोण आहे.

मग बंद.

मुक्ताबाईंनी वायरीची टोकं हळूच खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. चंची सोडली, चावी काढली, स्वतःच्या हातानं कुलूप उघडलं आणि दार सताड उघडं केलं. जिन्यातली गार हवा आत आली. दहा महिन्यांत शुक्रवारचं ते दार या वेळेला उघडं असं गोजरानं बघितलं नव्हतं.

"आत्या… खरंच जाऊ?"

"जा की. म्या का धरलंय तुला?"

गोजरानं ट्रंक उचलली. वाकून सासूच्या पाया पडली. त्या पायांना घाम होता आणि ते गार पडले होते. तिनं एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं. खाली सुधीरनं पुन्हा हॉर्न मारला. मागून मुक्ताबाईंनी तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला, लेकीला सासरी धाडताना करतात तसा, आणि अगदी हळू, मायेनं म्हणाल्या,

"सुखानं जा, बाई… गेल्या शुक्रवारी म्या उचलला व्हता, गोजरा ऐरोलीला चाललीया अन् तिथं फोन न्हाई म्हनून सांगितलं त्याला, तर म्हनला, मंग मी सोताच येतो."