दोन हिसके

आमच्या ह्यांना कुशीवर वळवायचं असलं की माझा डावा हात त्यांच्या खांद्याखाली जायचा, उजवा कमरेखाली, आणि मी म्हणायची, "चला जवान, कूच." ते हसायचे नाहीत, पण अंग थोडं सैल सोडायचे. तेवढी मदत मला पुरायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसभर हे चालायचं. मग या वर्षी ते माझ्या हातातून निसटले आणि खाली आले. मला उचलता येईनात. शेजारचा सुतार कामावरून परत येईपर्यंत त्यांच्या डोक्याखाली उशी देऊन मी फरशीवर त्यांच्याजवळ बसून राहिले.

मुलगी दूर असते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो.

"आई, उद्या तू पडलीस म्हणजे? दोघांना उचलायला क्रेन मागवू का? त्या सैनिकांच्या वॉर्डाचं बघ बाई काहीतरी."

वॉर्ड चांगला होता. उचलायला माणसं होती, वरखाली होणाऱ्या खाटा होत्या. पण खाटा मोजक्याच, त्यामुळे नियम कडक. ज्याच्या नोंदीत जखमीचं पदक असेल, नाहीतर बर्फातल्या चौक्यांवर राहिल्याचं पदक असेल, त्यालाच जागा. आमच्या ह्यांनी नोकरीतला एक हिवाळा तसल्या चौकीवर काढला होता. बरोबरच्या सगळ्यांना पदक मिळालं. ह्यांच्या नोंदीत ते नव्हतंच. "राहिलं असेल," एवढंच म्हणायचे आणि वर्तमानपत्र उलटायचे.

त्या हिवाळ्यानंतर ते रजेवर घरी आले तेव्हा दोन गोष्टी बरोबर आल्या होत्या.

एक पांढरा मग. खाली छावणीतल्या दवाखान्यातला, पत्र्याचा, काठाला टवका उडालेला. त्यावर निळ्या अक्षरांत 'दवाखाना' लिहिलेलं होतं. माझं शिक्षण लग्नानंतरचं. तोवर ह्यांची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा आणि मधेमधे स्वतःच लाजायचा. म्हणून मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे अक्षरं गिरवायला जाऊ लागले. कुणी न सांगता मी लावून वाचलेला पहिला शब्द त्या मगावरचा. ह्यांनी पुढे जन्मभर चहा त्यातूनच घेतला. स्वयंपाकघरात त्याची वेगळी खुंटी होती.

दुसरी गोष्ट झोपेतली. झोप लागली की ते माझ्या पांघरुणाचं टोक मुठीत धरायचे आणि एक हिसका द्यायचे. जोरात नाही, पण जाग यावी इतका. थोड्या वेळाने परत एक. सुरुवातीला मी ओढून घ्यायची, चिडायची. मग एकदा माझ्या बाजूने दोन हिसके दिले तर त्यांनी सुस्कारा सोडला आणि गाढ झोपले. तेव्हापासून तसंच चाललं. त्यांचा एक, माझे दोन. दिवसा मी विचारलं की त्यांना काही आठवायचं नाही. मीही हे कधी कुणाला सांगितलं नाही. नवराबायकोत असतं काही काही.

पदकाची चौकशी करायला मी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाला सर्दी झाली होती. गालात गोळी ठेवून तो बोलत होता. माणूस चांगला होता. त्याने पंखा बंद केला, मला खुर्ची दिली आणि जुनी पानं माझ्याकडे फिरवली.

"मावशी, घोळ इथे आहे. चौकीची हजेरी म्हणते, त्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं त्या आठवड्यात हे वर चौकीवर होते. दवाखाना म्हणतो, त्याच आठवड्यात हे खाली तापाने पडून होते. आता एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल? म्हणून तेव्हा कुणीतरी पदक बाजूला ठेवलं. आणि आमच्याकडे बाजूला ठेवलेलं बाजूलाच राहतं."

"मग आता?"

"एक नोंद खोडायची. दवाखान्याची चुकून पडली असं म्हणायचं. चौकीवरच्यांपैकी कुणी हयात असेल तर त्याची साक्ष आणा. त्याखाली तुमची सही. पदक तुमचं."

"आणि चौकीची खोडली तर?"

त्याने गोळी दुसऱ्या गालात नेली. "तर वॉर्ड नाही, मावशी."

घरी आल्यावर मी ह्यांचं तोंड पुसलं, मगातून थोडं पाणी पाजलं आणि विचारलं, "अहो, त्या वादळात तुम्ही कुठे होतात?"

"दवाखान्यात," ते म्हणाले. अलीकडे ते फार कमी बोलत, पण हे स्पष्ट म्हणाले. "खिडकीतून डोंगर दिसायचा."

"चौकीवर नव्हता?"

बराच वेळ ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, झोपले.

"वर पण," ते म्हणाले.

आजारी माणूस. मी त्यांची कूस बदलली आणि भांडी घासायला गेले.

चौकीवरच्यांपैकी एकच जण उरला होता. वायरलेसवरचे भाऊजी. पूर्वी येणंजाणं होतं, मग तुटलं. का तुटलं ते मला कधी कळलं नाही. भाऊजींनीच यायचं बंद केलं. निरोप दिल्यावर मात्र लगेच आले. काठी टेकत, दारातूनच ओरडत.

"वहिनी, आहे का म्हातारा? शिव्या घालायला आलोय. एकटाच वॉर्डात जाऊन सिस्टरांच्या हातचा चहा पिणार म्हणे!"

"या भाऊजी, आत या. जागेच आहेत."

आतल्या खोलीच्या उंबरठ्यापाशी ते थांबले. आत गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत, भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"चेहरा नाही बदलला फारसा."

"म्हातारे झालेत की."

"हो. म्हातारा झालाय." हे त्यांनी असं म्हटलं, जसं काही त्यांना तपासून बघायचं होतं.

मी चहा दिला. साक्षीत काय लिहायचं ते कारकुनाने सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. चहा निवत होता.

"वहिनी, याने तुम्हाला दोराचं सांगितलं होतं कधी?"

"कसल्या दोराचं?"

"वादळात तंबूबाहेर जायचं तर कमरेला दोर बांधायचा. वायरलेसची तार बघायला, बर्फ उपसायला. हात लांब केला तरी दिसत नाही तिथे. दुसरं टोक आतल्याच्या हातात. बाहेरचा एक हिसका देतो. म्हणजे, आहेस ना? आतला दोन देतो. आहे, ये."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"तर बाहेरच्याने जागचं हलायचं नाही. हलला की दिशा चुकते. उभं राहायचं. उत्तर येईपर्यंत उभं राहायचं." त्यांनी आपले तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "त्या वादळात हा बाहेर होता. टोक माझ्याकडे होतं. हा एक ओढायचा, मी दोन. कितीतरी वेळ. मग माझे हात बधिर झाले. हात आहेत की नाहीत तेच कळेना. हिसके येत होते की नाही, तेही नाही. वादळ बसल्यावर आम्ही दोर ओढून घेतला. गाठ तशीच होती, वहिनी. फास तसाच. मधे माणूस नाही."

आतून ह्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"मग?"

"मग मी खाली कळवायला सेट लावला. मी बोलायच्या आधी खालूनच आवाज आला. तुमचा माणूस वादळाच्या आधीपासून इथे दवाखान्यात आहे, आज ताप उतरलाय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? समजलं, म्हटलं." त्यांनी निवलेला कप हातात घेतला. "वादळाच्या संध्याकाळी त्याने आणि मी एका डब्यातून चहा प्यायला होता. मला म्हणाला, साखर कमी घातलीस चोरा."

साक्षीवर त्यांनी सही केली. "वर होता, हे खरं आहे. याची शपथ कुठेही घेतो. खाली कोण होतं, ते मला विचारू नका."

जाताना उंबरठ्यापाशी ते पुन्हा थांबले. ह्यांना झोप लागली होती. खाटेवर घडी घालून ठेवलेल्या माझ्या पांघरुणाचं टोक मुठीत होतं. माझ्यासमोर ह्यांनी एक हिसका दिला.

वायरलेसवाल्या भाऊजींचा हात दाराच्या पडद्यावर होता. तो हात आपोआप दोनदा खाली ओढला गेला. पडद्याच्या कड्या वाजल्या. ते बुटांचे बंद न बांधताच जिना उतरले.

मी साक्ष घेऊन रेकॉर्ड ऑफिसात गेले. यात विचार करण्यासारखं काय होतं? मला माझा नवरा उचलता येत नव्हता. मी सही केली, एकेक अक्षर नीट काढून. कारकुनाने पट्टी ठेवली आणि दवाखान्याच्या नोंदीवर लाल रेघ मारली. वर शिक्का मारला, फुंकर घातली.

"झालं, मावशी. आता ते फक्त वर होते."

ह्यांच्याजवळ मी सुताराच्या बायकोला बसवून गेले होते. ती म्हणाली, "काका अगदी गप्प आहेत हो. मी हाक मारली तर बघितलं नुसतं. खोलीत गार वाटतंय का तुम्हाला?" खिडक्या बंद होत्या.

मी त्यांना पाणी पाजायला मग घ्यायला गेले. खुंटीवर मग नव्हता.

ओट्यावर बघितलं, खाटेखाली बघितलं, सुताराच्या बायकोला विचारलं. तिने मग पाहिलाच नव्हता. पडला असेल, फुटणारा तर नव्हता. संध्याकाळी फोनवर मुलीला म्हटलं, "बाबांचा मग सापडत नाहीये."

"कुठला मग?"

"अगं पांढरा. दवाखान्याचा."

"बाबा ग्लासातून पितात की आई. कायम ग्लासातून. तू जेवलीस का नीट?"

मी विषय वाढवला नाही. खुंटीवर बोट फिरवलं. धूळ होती, बऱ्याच दिवसांची वाटावी अशी. मी पहिला शब्द कशावर वाचला ते मला चांगलं माहीत आहे. पण हे सांगायचं कुणाला?

त्या दिवसापासून ह्यांनी झोपेत हिसका दिला नाही. मी पांघरुणाचं टोक त्यांच्या मुठीत ठेवून बघितलं. मूठ मिटली नाही. हात गार होता.

पदक आलं, छोट्या डबीत, फितीसकट. कडेवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. मी ते लावून वाचलं. त्यानंतर वॉर्डाची गाडी आली. दोन माणसांनी त्यांना असं अलगद उचललं की मला आश्चर्य वाटलं, इतकी वर्षं मला ते जड का वाटत होते.

वॉर्ड स्वच्छ होता. सिस्टर मोठ्याने बोलणारी, हसरी. "आजी, असे पेशंट मिळाले तर आम्ही झोपाच काढू! काही त्रास नाही. नुसतं वर कुठेतरी बघत असतात. हात तेवढे गरम होत नाहीत, किती शेकले तरी."

मी खाटेजवळ बसले. पदक त्यांच्या उशाला लावलं होतं. "अहो," मी म्हटलं, "बरं वाटतंय ना इथे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. परक्या पण भल्या बाईकडे बघावं तसं.

"बाई, तुम्हाला वाचता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग माझ्या घरी एक पत्र वाचून दाखवाल? माझी बायको तरुण आहे, तिला अजून वाचता येत नाही. तिला सांगा, मी वर सुखरूप आहे. पोस्टमन नीट वाचत नाही."

"सांगते," मी म्हटलं.

बसने घरी आले. दोनदा बस बदलावी लागते. जेवण गरम केलं, थोडं खाल्लं. मुलगी म्हणते, म्हातारपणात असं होतं, माणसं मागे जातात. डॉक्टरही तेच म्हणाले. तसं असेल. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं काहीच. पाय गारठल्यावर त्यावर कुणाचा पाय पडला तरी कळत नाही, तसं.

आठवडा असा गेला.

काल दुपारी कपडे वाळत घालून मी आडवी झाले. लख्ख ऊन होतं. सुताराची करवत चालू होती. पांघरूण पायापासून ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

एक हिसका बसला.

मी डोळे उघडले नाहीत. पांघरुणाचं टोक दाराच्या दिशेने ताणलेलं होतं. करवत थांबली, परत सुरू झाली.

परत एक. जोरात नाही. जाग यावी इतका.

मला भाऊजींचं आठवलं. उत्तर नाही आलं तर जागचं हलायचं नाही. उभं राहायचं.

रेघ मारली त्या दिवसापासून उभे असतील.

मी दोन्ही हातांनी पांघरूण धरलं. दोन हिसके दिले.

ताण सैल झाला. कुठूनतरी सुस्कारा आल्यासारखा वाटला. मग काही नाही.

मी उठले, दाराची कडी काढून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघांच्या चहाचं आधण ठेवलं. साखर घातली. कप घ्यायला वळले तर तो पांढरा मग खुंटीवर होता. टवका होता, निळी अक्षरं होती. हातात घेतला तर बाहेरून ओला होता आणि इतका गार, की बोटं चिकटली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. मुलगी संध्याकाळी करते. दुपारी करणारं वॉर्डाशिवाय कुणी नाही.

फोन वाजत राहिला. मी आधी चहा गाळला.