बदली माणूस

राजीनामा देऊन तीन महिने होत आले तरी क्रांतीची सुटका होत नव्हती. मॅनेजर सम्राटचा एकच धोशा, की आपण एक कुटुंब आहोत आणि बदली माणूस मिळाल्याशिवाय कुटुंबातून कुणी उठत नाही. पुण्याची नवी कंपनी मात्र सोमवारपर्यंतच थांबणार होती. आणि बदली माणूस शोधायचा कुणी? तर क्रांतीनंच.

त्यातही मुलाखतीला दोन परीक्षक हवेत असा नियम. ताराबाई पार्कातल्या त्या ऑफिसात दुसऱ्या कुणालाच वेळ नसायचा. शेवटी वैतागून तिनं सिस्टीममध्ये दुसरा परीक्षक म्हणून तिच्या आधीच्या उदयसिंहचं नाव ठोकून दिलं. त्याचं खातं कुणी बंदच केलं नव्हतं. क्रांतीची मुलाखत घेऊन तिला निवडलं होतं ते यानंच. त्यालाही तेव्हा नोकरी सोडायची होती. क्रांती मिळाली आणि दुसऱ्या दिवसापासून तो दिसलाच नाही. बेंगळुरूला गेला म्हणे. निरोपाचा केक न कापताच फ्रिजमध्ये वाळून गेला.

नाव टाकल्यावर काम सुरळीत झालं, पण उमेदवार चमत्कारिक वागू लागले. प्रश्न क्रांतीनं विचारायचा आणि उत्तर तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला. एकानं तर तिकडं बघून मान डोलावली, ‘होय सर’ म्हणाला. पाठ केलेली उत्तरं ऐकून तिचं डोकं आधीच उठलेलं, त्यात ही नवी तऱ्हा. या पोरांना समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यायला कुणी शिकवतं की नाही, म्हणून ती चरफडली.

चहावाल्या तानाबाईंचंही तसंच. रोज तीन कप. तिसरा त्या खुर्चीसमोर.

"मावशी, दोघंच हाय की आम्ही. कशाला वाया घालवताय?"

"वाया कुठं जातोय म्याडम? परत नेताना कप रिकामाच असतोय की."

क्रांतीनं वाकून पाहिलं. कप रिकामा होता, कडेला साय चिकटलेली. उमेदवारानंच दोन्ही ढोसले असणार, असं म्हणून तिनं विषय तोडला. त्या दिवशी घरी जाताना मात्र तिनं ती खुर्ची मीटिंगच्या खोलीबाहेर नेऊन ठेवली. सकाळी ती पुन्हा तिच्या शेजारीच होती.

शुक्रवारी गडहिंग्लजहून शांभवी आली. एसटीनं अंग आंबलेलं, तरी पोरगी तरतरीत. येत नाही ते येत नाही म्हणाली, मग तोच प्रश्न फळ्यावर स्वतःच सोडवून दाखवला. खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास येत होता, आणि क्रांतीला कितीतरी दिवसांनी तोही बरा वाटला. एकदाची मिळाली. तिनं तिथल्या तिथं लॅपटॉपवर निवडीचं बटण दाबलं.

"उद्यापासून ये. अभिनंदन," ती म्हणाली.

शांभवी हसली. खुर्चीकडं बघून.

"तिकडं काय बघतीयास? मी बोलतीय की."

शांभवीनं मान वळवली नाही. थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली, कुणीतरी काही सांगत असल्यासारखी. मग अदबीनं विचारलं, "सर, आधी इथं होत्या त्या मॅडम कधी गेल्या?"

क्रांतीनं दोन्ही हात टेबलावर आपटले.

"अगं, मी हितंच हाय."

शांभवी पर्स आवरत होती.

दार ढकलून तानाबाई आल्या. ट्रेमध्ये आज दोनच कप होते.

एक त्यांनी शांभवीपुढं ठेवला. दुसरा रिकाम्या खुर्चीसमोर.

मग खांद्यावरचं ओलं फडकं काढून त्यांनी टेबल पुसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. क्रांतीचे दोन्ही हात टेबलावरच होते.

फडकं हातांवरून गेलं. ओल लागली नाही.